सण एकाच दिवशी आले तर? मिश्र वस्तीत सलोखा समिती उभी करण्याची रीत

28 सप्टेंबर 2023. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी. मुंबईत एकीकडे लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत विसर्जनाची गर्दी, दुसरीकडे भायखळ्याच्या खिलाफत हाउसहून निघणारा मिलादचा जुलूस. मुस्लिम संघटनांनी जुलूस 29 तारखेला न्यायचं ठरवलं, आणि सरकारने 29 ची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. 2024 मध्ये मिलाद 16 सप्टेंबरला आणि विसर्जन 17 ला. जुलूस 18 ला गेला, मुंबईतली सुट्टीही त्याच्यामागोमाग 18 ला गेली. 2025 मध्ये 5 आणि 6 सप्टेंबर. पुन्हा तेच, सुट्टी 8 तारखेला.

बातम्यांनी याला मनाचा मोठेपणा म्हटलं. मोठेपणा होताच. पण ज्यांनी अशा बैठका केल्या आहेत त्यांना ठाऊक असतं की त्याआधी कुणीतरी पावसाळ्यातच कॅलेंडर उघडून बसलेलं असतं, चार घरी चकरा मारलेल्या असतात, आणि एखाद्या रुसलेल्या अध्यक्षाला दोनदा चहा पाजलेला असतो. हा लेख त्या चकरांबद्दल आहे.

माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान आहे. गणेश मंडळाचा परवानगीचा अर्ज आणि मुस्लिम जमातीचा जुलूसचा अर्ज, दोन्ही माझ्याच मशीनच्या काचेवरून जातात. एका वर्षी दोन्ही अर्जांवर एकच वेळ आणि एकच चौक दिसला आणि मी दोन्हीकडच्या लोकांना दुकानात बोलावून घेतलं. समितीत मी आलो तो असा. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं चुकत चुकत शिकलेलं आहे.

आधी भिवंडी समजून घ्या

महाराष्ट्रात या कामाची शाळा म्हणायची तर भिवंडी. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे दंगल पेटली, तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळाली. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी पोलीस आणि दोन्ही समाजांतले रहिवासी एकत्र बसतील अशा मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, साधारण 70. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटलेली असताना, दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली.

यात दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. कमिट्या अयोध्येतल्या घटनेनंतर घाईघाईने बसवलेल्या नव्हत्या, तेव्हा त्यांना चार वर्षांची सवय झालेली होती. आणि भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कामगार तिसरा, कापड उचलणारा व्यापारी चौथा, आणि हे चौघे एका धर्माचे असतीलच असं नाही. दंगल झाली की माग बंद आणि सगळ्यांचीच चूल थंड. कमिटीने हा हिशेब लोकांसमोर उघडा ठेवला.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा जोड्या लावून अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खेड्यात रोजच्या गाठीभेटी पुरतात, शहरात त्या पुरत नाहीत. शहरात दोन्ही समाजांची माणसं एकत्र असलेल्या संघटना लागतात. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालय, क्लब, काहीही. माझा अनुभव सांगतो की तालुक्याचं गाव अधांतरी असतं. खेड्यातली ओळख विरळ झालेली असते आणि शहरातल्या संस्था आलेल्या नसतात. म्हणून समितीची खरी गरज तिथेच.

मुंबईने 1994 मध्ये हा धडा घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने हा त्यांचा सर्वांत टिकलेला उपक्रम. हसू नका. ज्या हवालदाराच्या बोलिंगवर सिक्स मारलाय त्याच्यावर दगड उचलायला हात जरा जड होतो.

पहिली पायरी: हाताने काढलेला नकाशा

गुगलचा नकाशा घेऊ नका. मोठा कागद घ्या आणि दोन्ही वस्त्यांतल्या दोघा-चौघांना एकत्र बसवून काढायला लावा. देवळं, मशिदी, दर्गे, बुद्धविहार, चर्च, जैन मंदिर हे सगळं आधी येईलच. त्यानंतर जे येतं ते महत्त्वाचं: कोणत्या गल्लीला लोक बोलताना 'बॉर्डर' म्हणतात, दिवा कुठे लागत नाही, देशी दारूचं दुकान कुठे आहे, सीसीटीव्ही कुठे आहे आणि त्यातला चालू कोणता. मिरवणुकांचे मार्ग वेगवेगळ्या रंगांनी.

आमच्या नकाशावर एका भाजीवाल्या मावशींनी एक खूण सुचवली जी आम्हा पुरुषांच्या डोक्यात आली नव्हती: बांधकामाच्या खडी-विटांचे ढीग. "दगड काय आभाळातून येतात व्हय?" असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या मिरवणुकीच्या आठवडाभर आधी मार्गावरची खडी उचलून घ्यायला लावणं किंवा ताडपत्रीखाली बांधून ठेवणं हे आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

दुसरी पायरी: माणसं

इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया. पोलीस ठाण्यात सणाआधी जी शांतता समितीची बैठक होते ती तुम्ही पाहिली असेल. पांढरे कपडे, पुष्पगुच्छ, "आमच्या गावाला सलोख्याची परंपरा आहे" असं प्रत्येकाचं पाच मिनिटं भाषण, चहा-बिस्किटं, फोटो. ती बैठक वाईट नाही, पण तिथली निम्मी माणसं अशी असतात की रात्री साडेअकराला चौकातलं पोरगं त्यांच्या हाकेला मागे वळूनसुद्धा बघत नाही.

म्हणून माणूस निवडताना दोनच कसोट्या लावा. रात्री साडेअकराला याने हाक मारली तर चौकातली पोरं थांबतील का? आणि गाव दोन दिवस बंद राहिलं तर याचं नुकसान होतं का? दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तो तुमचा माणूस, मग त्याला चार वाक्यं धड बोलता येत नसली तरी चालेल. रिक्षा स्टँडचा प्रमुख, मंडपवाला, बँडवाला, मटणाच्या दुकानाचा मालक, सूतगिरणीतला मुकादम, गॅरेजवाला, निवृत्त शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका. आशाताईला प्रत्येक घराची दारं उघडी असतात. तिला जे आठ दिवस आधी कळतं ते गोपनीय शाखेच्या हवालदाराला नंतर कळतं.

नगरसेवक, उमेदवारीच्या रांगेतले इच्छुक, पक्षाचे पदाधिकारी आणि मारामारीचे गुन्हे नावावर असलेले नकोत. ते रागावतील. त्यांना सांगा की मोठ्या कार्यक्रमाला तुम्ही पाहुणे, बैठकीत मात्र नाही. निवडणुकीच्या वर्षी हा नियम मोडायचा दबाव येतोच. आम्ही एकदा वाकलो होतो, आणि त्या वर्षी दोन बैठकांत समितीचे दोन गट झाले.

एक बारकावा. मशिदीत नमाज पढवणारे पेश इमाम बऱ्याचदा बाहेरगावचे, पगारावर आलेले असतात. निर्णय घेतात ट्रस्टी. तसंच देवळातला पुजारी मिरवणुकीचा मार्ग ठरवत नाही, मंडळाचे कार्यकर्ते ठरवतात. म्हणून मौलाना आणि पुजारी एकमेकांना हार घालतानाचा फोटो कितीही सुंदर दिसला तरी समितीत ट्रस्टी आणि मंडळाचे कार्यकर्ते हवेत. त्यातही अध्यक्षापेक्षा ट्रॅक्टरच्या पुढे दोरी धरून चालणारा बावीस वर्षांचा मुलगा जास्त कामाचा.

संख्या वीस ते चोवीस. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटू नका; जो समाज लहान आहे तो मग कायम कोपऱ्यात बसतो. निदान एक तृतीयांश बायका. बौद्ध, जैन, ख्रिस्ती, शीख जे कुणी वस्तीत असतील त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. 14 एप्रिलच्या मिरवणुकीचा मार्ग असो की पर्युषणातल्या मांसविक्रीचा वाद, तो आल्यावर त्यांना शोधत जाणं बरं दिसत नाही. खेड्यात असाल तर नवं काही काढू नका. 2007 पासून तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या आहेत, पोलीस पाटील आहे. त्यातच माणसं मिसळा.

तिसरी पायरी: पोलिसांशी नातं, पण दोरीभर अंतर ठेवून

पीआय साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात. बीट अंमलदार आणि ठाण्यातले जुने हवालदार राहतात. ओळख त्यांच्याशी हवी. नवे अधिकारी आले की पहिल्या आठवड्यात नकाशा आणि नावांची यादी घेऊन भेटा, तक्रार घेऊन नको.

समिती पोलिसांची खबरी आहे असं एकदा लोकांच्या मनात बसलं की ती संपली. आमचा नियम असा: कुणाचं नाव आम्ही आपणहून देत नाही; घटना, जागा आणि वेळ मात्र ताबडतोब कळवतो. हा नियम आम्ही ठाण्यातही सांगितलाय आणि दोन्ही मोहल्ल्यांतही. एका अधिकाऱ्याला तो आवडला नाही, पुढच्याला पटला.

चौथी पायरी: सहा महिने धर्माचं नाव काढायचं नाही

पहिल्याच बैठकीत "आपण सगळे भाऊ आहोत" सुरू झालं की दुसऱ्या बैठकीला माणसं निम्मी. गटार, नळाला पाणी, मोकाट कुत्री, कचऱ्याची घंटागाडी, बंद दिवे घ्या. आमची पहिली सात महिन्यांची वही पाहिली तर तुम्हाला ती पाणीपुरवठा विभागाची वाटेल. एका तुंबलेल्या गटारासाठी दोन्ही गल्ल्यांचे लोक मिळून नगरपरिषदेत चार वेळा गेले. चौथ्या वेळी गटार निघालं. त्या खेपांमध्ये कुणाच्या आईला मधुमेह आहे आणि कुणाच्या पोराचं लग्न ठरत नाही हे सगळ्यांना कळलं. नंतर मार्गाच्या वादात जेव्हा आवाज चढले, तेव्हा ते याच ओळखीने उतरले.

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाऊण तास. जागा बदलती ठेवा, पण देवळाचा सभामंडप आणि मशिदीचं आवार दोन्ही पहिल्या वर्षी टाळा. शाळेचा वर्ग उत्तम. चहाचे पैसे आळीपाळीने, आणि देणगी कुणाचीच घ्यायची नाही. समितीचं बँक खातं उघडू नका. खातं उघडलं की खजिनदार लागतो, खजिनदार आला की निवडणूक येते.

पाचवी पायरी: पंचांग आणि चाँद शेजारी ठेवणं

हे काम मला मनापासून आवडतं, म्हणून थोडं लांबवतो.

हिजरी वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे मुस्लिम सण दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतात. आपलं पंचांगही चंद्रावरच चालतं, पण दर 32-33 महिन्यांनी अधिक मास घालून ते सूर्याशी जुळवून घेतं. गंमत अशी की एका अधिक मासापासून पुढच्या अधिक मासापर्यंत दोन्ही पंचांगं हातात हात घालून चालतात. त्यामुळे सण जुळले की ते एकाच वर्षी जुळून थांबत नाहीत, दोन-तीन वर्षं ओळीने जुळतात. मग अधिक मास येतो आणि जोडी बदलते.

2018 मध्ये अधिक ज्येष्ठ होता, 2020 मध्ये अधिक आश्विन. मधल्या काळात मोहरमची दहा तारीख तिन्ही वर्षी गणेशोत्सवात आली: 21 सप्टेंबर 2018, 10 सप्टेंबर 2019, 30 ऑगस्ट 2020. त्यानंतर आषाढी एकादशी आणि बकरी ईदची जोडी लागली: 2021 मध्ये 20 आणि 21 जुलै, 2022 मध्ये दोन्ही 10 जुलैला, 2023 मध्ये दोन्ही 29 जूनला. 2023 च्या अधिक श्रावणानंतर मिलाद आणि अनंत चतुर्दशी. 2026 च्या अधिक ज्येष्ठाने तीही जोडी मोडते, आणि मिलाद नारळी पौर्णिमेच्या आसपास सरकते. एकदा हे गणित कळलं की पुढची तीन वर्षं कोणत्या सणाला दक्ष राहायचं हे तुम्हाला आधीच दिसतं.

आता चंद्रदर्शनाचा भाग. रमजान ईद कधी हे आदल्या संध्याकाळीच कळतं. बकरी ईद जिल्हिज महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे चाँद दिसल्यावर नऊ-दहा दिवस हातात असतात. मोहरमचं तसंच, आणि मिलादला बारावी तारीख म्हणजे आणखी दोन दिवस. म्हणून जानेवारीतल्या तक्त्यात प्रत्येक मुस्लिम सणाच्या तारखेपुढे 'एक दिवस मागे-पुढे' असं लिहायचं, आणि चाँद जाहीर झाला की त्याच रात्री तक्ता पक्का करायचा.

तारखा जुळल्या की चर्चेचा प्रश्न एकच: यातलं काय हलू शकतं आणि काय हलू शकत नाही? ईदची नमाज हलत नाही. कुर्बानी मात्र बहुसंख्य सुन्नी रिवाजात तीन दिवस चालते, म्हणूनच 2023 च्या आषाढीला राज्यात ठिकठिकाणच्या मुस्लिम बांधवांना ती दुसऱ्या दिवशी करता आली. मिलादचा जुलूस ही नमाजासारखी बांधलेली गोष्ट नाही, तो पुढे नेता येतो. एकादशी हलत नाही. विसर्जनाचा मुहूर्त धरणारे धरतात, पण मिरवणुकीची वेळ, मार्ग आणि वाद्यं यांना मुहूर्त नसतो.

एक कडू गोष्ट इथेच बोलतो. दरवेळी एकाच बाजूने सरकायचं हे फार काळ चालत नाही. "भाऊ, तीन वर्षं आम्हीच सरकलो," असं आमचे एक चाचा बैठकीत शांतपणे म्हणाले, आणि मंडळवाल्यांकडे उत्तर नव्हतं. मग मंडळांनी ठरवलं: मिरवणूक दोन तास लवकर काढायची, जुलूसच्या दिवशी मार्गावर पाण्याची सोय आणि वाहतूक सांभाळायला मंडळाचे स्वयंसेवक. देवाणघेवाण वहीत लिहून ठेवा. माणूस घेतलेलं विसरतो.

सहावी पायरी: मार्ग, वेळ, आवाज

मिरवणुकीचा वाद नव्वद टक्के वेळा रेंगाळण्याचा असतो. मशिदीसमोरून दोन मिनिटांत पुढे जाणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल कुणाची तक्रार नसते; तिथेच थांबून पाऊण तास डॉल्बी वाजवला की असते. तेच दर्ग्याच्या संदलच्या मिरवणुकीचं, आणि तेच 14 एप्रिलच्या किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीचं. म्हणून मार्गावर 'न थांबण्याचे टप्पे' आखा आणि दोन्ही बाजूंचे स्वयंसेवक तिथे एकत्र उभे करा.

वेळ विचारताना अजानची नको, जमातीची, म्हणजे सगळे मिळून नमाज पढतात त्याची विचारा. मागे मी रात्रीच्या नमाजाबद्दल विचारलं, "चाचा, इशाची जमात किती वाजता?"

"सव्वाआठला. पण तुमची मिरवणूक कधी वेळेवर निघालीय का, जी सव्वाआठला इथं पोचेल?"

खरं होतं. तेव्हापासून आम्ही घड्याळाची वेळ न ठरवता एक माणूस ठरवतो: मिरवणूक मागच्या चौकात आली की तो मशिदीत फोन करतो, आणि जमात चालू असेल तर तिथेच पंधरा मिनिटं थांबवतो. तेवढ्यात पोरं वडापाव खातात. शुक्रवार असेल तर दुपारची जुम्याची नमाजही धरा. 2026 ची अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, शुक्रवारीच आहे.

आवाजाचे नियम सगळ्यांना एकच आहेत, आणि ते एका कागदावर छापून वाटा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ मध्यरात्री 12 पर्यंत वाढवू शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. भोंगा असो वा डॉल्बी, हाच कागद. "त्यांचं आधी बंद करा" ही लढाई समितीत घेऊ नका, कधीच संपत नाही.

बकरी ईदला वेगळी तयारी लागते: कचऱ्याचे बंद डबे, नगरपरिषदेची गाडी दिवसातून दोनदा, उघड्यावर काही नाही. हे मुस्लिम समाजातली पोरंच उत्तम सांभाळतात, फक्त गाडी वेळेवर आणणं आपल्या सगळ्यांच्या हातात.

सातवी पायरी: मोबाईल

7 जून 2023 ला कोल्हापूर पेटलं ते मोबाईलवरच्या स्टेटसवरून. शहराचं इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. पूर्वी अफवेला गाव ओलांडायला रात्र लागायची. आता चहा गार होईपर्यंत ती तीन तालुके फिरून येते.

समितीचा एक वेगळा गट ठेवा, त्यात सुप्रभात आणि शुभेच्छा बंद. आलेल्या मजकुरावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या: कुठून आलं, कधी आलं, खरं की खोटं कोण तपासतंय. तपासायला माणूस प्रत्यक्ष जागेवर जातो, चालत. देवळात काही टाकलं असं कळलं तर दोघांनी, दोन्ही समाजांतल्या, एकत्र जाऊन पाहायचं आणि तिथूनच आवाजी निरोप पाठवायचा. लिखित खुलाशावर कुणाचा विश्वास नसतो, ओळखीच्या आवाजावर असतो.

वादग्रस्त स्टेटस ठेवणारं पोरगं बहुतेक वेळा सतरा-अठरा वर्षांचं असतं आणि त्याच्या बापाला काहीच माहीत नसतं. पहिला फोन घरी. पोस्टचा स्क्रीनशॉट ठेवा पण पुढे पाठवू नका, निषेध म्हणूनसुद्धा नाही; निषेधाने पाठवलेला फोटोही तोच फोटो असतो. पोरांना कायदा आधी सांगून ठेवलेला बरा: भारतीय न्याय संहितेचं कलम 196, म्हणजे जुनं 153 अ, आणि 299, म्हणजे जुनं 295 अ. एकदा गुन्हा नोंदला की पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो. आमच्या गावात भरतीची तयारी करणारी पोरं ढिगाने आहेत. या एका वाक्याने जेवढं काम झालं तेवढं कुठल्याच व्याख्यानाने नाही.

आठवी पायरी: ठिणगी पडलीच तर

6 जानेवारी 2013 ला धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं. त्यातून दंगल, आणि पोलीस गोळीबारात सहा जणांचा मृत्यू. बिलाचं भांडण हे बिलाचंच असतं, पहिली वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत समितीने ते तिथेच ठेवायचं.

कसं? प्रत्येक चौकासाठी दोघांची जोडी आधीच ठरलेली हवी, दोन समाजांतली, पाच मिनिटांत पोचणारी. पोचल्यावर दोघांनी एकमेकांशी न बोलता आपापल्या पोरांशी बोलायचं. जखमी असेल तर आधी दवाखाना, न्याय नंतर. 112 ला फोन तिसऱ्या माणसाने करायचा, जो गर्दीत नाही. दुकानांची शटर घाईने ओढू नका. एक शटर पडलं की त्या आवाजाने अख्खा बाजार पडतो. म्हाताऱ्या बायकांना दाराशी आणून बसवणं हा आमच्याकडचा जुना उपाय, आजही चालतो.

जोडीने जिवाशी खेळायचं नाही. दगड सुरू झाले की मागे या आणि पोलिसांना वाट द्या. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्यातल्या एकाने धाडस केलं आणि त्याला डोक्याला सात टाके पडले.

नंतरचे तीन दिवस खरे. अटक झालेल्यांच्या घरी दोन्ही समाजांतल्या बायका जातात, जखमींकडेही जातात. नुकसान झालेल्या गाड्याचा पंचनामा व्हायला आमचा माणूस सोबत असतो. कुणी "वरून मिटवा" म्हणालं आणि खरोखर गुन्हा झालेला असेल तर मिटवू नका. दाबलेली तक्रार पुढच्या सणाला दुप्पट होऊन येते.

जेवण, प्रसाद आणि मान

इफ्तारला बोलावणं, गणपतीच्या आरतीला बोलावणं, हे सगळं छान. पण त्यात नकाराला जागा ठेवा. काही मुस्लिम मित्र प्रसाद घेत नाहीत, काही हिंदू घरं ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेतात पण जेवायला बसत नाहीत, जैन शेजाऱ्याचं सगळंच वेगळं. ज्याला यायचं तो येईल, ज्याला नाही तो नंतर भेटेल. कॅमेऱ्यासमोर कुणाच्या हातात जबरदस्ती मोदक किंवा डोक्यावर टोपी देऊ नका.

एकमेकांच्या सणाला पाहुणा म्हणून जाण्यापेक्षा सणात काम वाटून घेणं कितीतरी पक्कं असतं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत पाहा; तिथे काही ताबूत हिंदू घराण्यांचे आहेत, मान त्यांचा आहे. कुरुंदवाडला मशिदींमध्ये गणपती बसतो, वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीतही. गोव्यात म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, हिंदू भक्त तेल वाहतात. या परंपरा कुणी ठराव करून सुरू केल्या नाहीत, आणि तुम्हाला त्या उचलून आणता येणार नाहीत. पण छोटे मान नव्याने वाटता येतात. आमच्याकडे विसर्जनाच्या रात्री नदीकाठचे दिवे एका मुस्लिम इलेक्ट्रिशियनकडे असतात, आणि संदलच्या रात्री रस्त्यावरची रहदारी तालीम मंडळाची पोरं सांभाळतात. बारा वर्षं झाली. आता ते 'आमचं काम' आहे, मदत नाही. एका वर्षी इलेक्ट्रिशियनला विचारायचं राहून गेलं तेव्हा तो जो रुसला, तो बघून मला फार बरं वाटलं.

जिथे समितीचा हात पोचत नाही

भिवंडीचीच पुढची गोष्ट. जुलै 2006 मध्ये तिथे पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला, दोन पोलीस मारले गेले आणि गोळीबारातही माणसं गेली. ज्या गावाने 1992 साली सगळ्यांना शिकवलं त्याच गावात. समिती लसीसारखी एकदा टोचून संपत नाही, आणि प्रशासनाशीच भांडण असेल तर शेजाऱ्यांची समिती त्यात अपुरी पडते. तेव्हा जमिनीची कागदपत्रं, जिल्हाधिकारी आणि वकील हाच रस्ता.

बाहेरून गाड्या भरून आलेली माणसं हेही आमच्या हाताबाहेरचं. आपण फक्त आपली पोरं घरात ठेवू शकतो आणि गाड्यांचे नंबर लिहून घेऊ शकतो. भेदभावाची तक्रार, भाड्याने घर नाकारणं, दुकानावर बहिष्कार, यांना समितीत चहा पाजून मिटवायला जाऊ नका. ज्याचं नुकसान झालंय त्याच्यासोबत तक्रार द्यायला जा.

आणि दर जानेवारीत एक दिवस दुकान बंद करून मी यादीतला प्रत्येक नंबर लावून बघतो. यंदा चोवीसपैकी सहा लागले नाहीत. दोघं वारले, एकजण पुण्याला मुलाकडे गेला, तिघांनी सिम बदललं. दोन्ही वारलेल्यांच्या जागी त्यांच्या सुना आल्यात. त्यांच्यातल्या एकीने पहिल्याच बैठकीत विचारलं की नकाशावर नवा ट्रान्सफॉर्मर का नाही. नकाशा पुन्हा काढायला घेतलाय.